लिफ्टचा ड्रायव्हर

घरात दोन-अडीच वर्षांचं मूल असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सोफा सरकवला की खालून एक मोजा, खारीचा तुकडा, खडू आणि रिमोटचं झाकण निघतं ना, तसंच. एक सांगायला घ्या, मागून चार निघतात! मैत्रिणींचा फोन आला की मी आधीच सांगून टाकते, "आज विशेष काही नाही गं." आणि मग ते 'विशेष काही नाही' पाऊण तास चालतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि वरणाचं पिठलं होतं.

पात्रं मोजकीच. औरंगाबादच्या बीड बायपासला बारा मजल्यांची इमारत. तिच्या नवव्या मजल्यावर आम्ही तिघं. मी सुजाता, माझा नवरा राहुल आणि आमची यशोधरा उर्फ यशू. वय दोन वर्षं चार महिने. आवाज मात्र तळमजल्यापर्यंत पोचतो.

* * *

सुरुवात बाल्कनीपासून करते, कारण यशूबद्दलची पहिली तक्रार तिथूनच आली.

बाल्कनीला जाळी बसवणारा माणूस तीन आठवडे "उद्या नक्की" म्हणत होता. तेवढ्यात यशूला एक शोध लागला. कठड्याच्या गजांमधून वस्तू सोडली की ती जाते आणि परत येत नाही! मग काय, लसणाचा गड्डा गेला, राहुलचा एक मोजा गेला, माझा केसांचा चिमटा गेला. मी बाल्कनीचं दार कडी लावून बंद ठेवायला लागले. पण एका सकाळी कपडे वाळत घालायला म्हणून दार उघडलं, वळले, आणि तेवढ्या वेळात बाईंनी काम साधलं.

खाली बागेत आमच्या सोसायटीचे चेअरमन काका रोज सकाळी प्राणायाम करतात. डोळे मिटून, मांडी घालून, एकदम स्थिर.

दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात काका. हातात पेपर नॅपकिन, त्यावर अर्धी ज्वारीची भाकरी. एका बाजूनं बारीक दातांनी कुरतडलेली.

"ही तुमच्याकडचीच ना?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. पण नवव्या मजल्यावर दुभंगून दुभंगणार किती! "काका, सॉरी हो, लागलं का फार? मी आजच त्या जाळीवाल्याला..."

काका शांतपणे म्हणाले, "लागलं नाही. मांडीतच पडली. पण पुढच्या वेळी सोबत ठेचा पाठवा!"

जाळीवाला त्याच दुपारी आला. काकांनी स्वतः फोन केला होता.

* * *

आता खऱ्या अडचणीकडे येते.

माझी नोकरी वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात. मशीनमधून पार्ट येतो, मी तो मोजते आणि पास की फेल ते सांगते. मोठमोठे सुपरवायझर माझ्या टेबलासमोर निकाल लागायची वाट बघत उभे राहतात. हा रुबाब मला आवडतो. घराला हातभार वगैरे ठीक आहे, पण मला ती नोकरी हवी होती ती आवडते म्हणून. हे बोलायला बायका लाजतात. मी लाजत नाही.

रजा वाढवून वाढवून संपली होती. आमचे सावंतसर भला माणूस, पण तेही शेवटी म्हणाले, "मॅडम, एक तारखेला सोमवार आहे. आलात तर टेबल तुमचं. नाही आलात तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

म्हणजे हातात साधारण महिना. मी यशूला पाळणाघरात घातलं.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच तिथल्या मॅडमचा फोन आला. "येऊन घेऊन जाता का?"

मी विचारलं, "रडतेय का फार?"

"छे! एकदाही रडली नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"अहो, ती झोपलेल्या मुलांचे डोळे बोटानं उघडते आणि आत बघते, कोणी आहे का! अकरा मुलं उठवली तिनं. ती अकरा रडतायत. ही बसून बघतेय."

पाळणाघर संपलं.

* * *

राहिलं कोण? सासूबाई नांदेडला, त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करतात. त्यांना तिथून हलता येत नाही. माझी आई जाऊन चार वर्षं झाली. राहिले आबा.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. सगळी उमर घाटातून आणि खड्ड्यांतून गाडी काढली, आता पैठणला घरी एकटेच असतात. मी फोन केला तर म्हणाले, "येतो. पर आठ दिवस. लेकीच्या घरी लई दिवस बरं दिसत न्हाय."

मी म्हटलं, आठ तर आठ. आधी येऊ तर देत.

आले ते भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन. वॉचमननं लिफ्टचं दार उघडून दिलं. आबांनी आत डोकावून पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं.

"याचा ड्रायव्हर कुठंय?"

"आबा, याला ड्रायव्हर नसतो. बटण दाबायचं, आपोआप जाते."

"आन् ब्रेक कोण मारतं?"

आबा पिशवी घेऊन जिन्याकडे वळले. नऊ मजले! वर आले तेव्हा शर्ट घामानं चिकटलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मला व्यायाम लागतो."

व्यायाम कसला! माणूस घाबरला होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी स्टिअरिंगवर घेतलेला माणूस, त्याला बिनड्रायव्हरच्या डब्यात बसवेना. आणि माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला. हे लिफ्टमध्ये बसणार नसतील तर यशूला खाली बागेत नेणार कसे? उद्या तिला ताप आला, दवाखान्यात न्यायचं झालं, तर सासष्ट वर्षांचा माणूस अकरा किलोचं पोर घेऊन नऊ मजले उतरणार? अशानं मी एक तारखेला घराबाहेर पडूच शकत नव्हते.

* * *

जिन्याचं आणखी एक आहे. आमच्या इमारतीत सगळे मजले सारखे. तीच फरशी, तोच दरवाजा, तेच चपलांचं कपाट.

तिसऱ्या दिवशी आबा दूध घेऊन जिना चढत होते. मध्येच मोजदाद चुकली. दार उघडं दिसलं. आबांनी चपला काढल्या, आत गेले, दुधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि दिवाणावर आडवे झाले. डोळे मिटून हाक मारली, "सुजे, पाणी दे गं."

पाणी आलं. आबा प्याले. मागून चहा पण आला. आबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज आलं टाकलंस व्हय? झकास."

मग त्यांनी डोळे उघडले. समोर आठव्या मजल्यावरच्या नसीमखाला उभ्या. मूळच्या सिल्लोडच्या, अंगानं भारदस्त, स्वभावानं त्याहून.

आबा ताडकन उठून बसले. "सुजाता कुठंय?"

"वो तो ऊपर रहती ना!"

"मंग मी कुठं हाय?"

खाला काही क्षण हसू दाबत होत्या. मग म्हणाल्या, "चाय पूरी पी को जाव आबा. बाकी का घाट बाद में चढना!"

त्या दिवसापासून आठव्या मजल्यावर आबांचा अधिकृत चहाचा थांबा झाला. मी विचारलं, "आबा, उशीर का झाला?" तर उत्तर ठरलेलं, "गाडी चहापाण्याला थांबली हुती."

* * *

आठ दिवस संपत आले आणि लिफ्टचा प्रश्न तसाच. मी समजावलं, राहुलनं समजावलं, चेअरमन काकांनी तर लिफ्टच्या देखभालीचं सर्टिफिकेट आणून दाखवलं. आबांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "कागद चांगला हाय."

सातव्या दिवशी मी दाराबाहेर कचऱ्याचा डबा ठेवत होते. आबा चपला घालत होते. यशू दोघांच्या मधून सुटली, तुरुतुरु पळाली आणि कोणीतरी नुकत्याच सोडलेल्या उघड्या लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. वळून आमच्याकडे बघून हसली. आणि दार सरकायला लागलं!

मी ओरडले. पण माझ्या आधी आबा धावले. एक चप्पल पायात, एक बाहेर. त्या मिटत चाललेल्या फटीतून सासष्ट वर्षांचा माणूस आत घुसला, आणि दार बंद.

वरचा लाल आकडा बदलायला लागला. आठ. सात. सहा.

मी जिन्यानं सुटले. किती पायऱ्या गाळल्या ते माहीत नाही. मनात एकच, आबांना आत काही झालं तर? छातीत दुखायला लागलं तर? यशूला काय कळणार!

तळमजल्यावर पोचले तेव्हा लिफ्टसमोर सात-आठ माणसं उभी. कामावर जाणारी, भाजीच्या पिशव्यावाली, एक सिलिंडरवाला. दार उघडलं. आत आबा उभे. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एका हातात यशूचं मनगट, दुसऱ्या हातानं आतला स्टीलचा दांडा घट्ट धरलेला.

माणसं सवयीनं आत घुसायला लागली. आणि आबांचा तो जुना आवाज घुमला, "ए! दारात गर्दी नको! आधी उतरू द्या, मंग चढा!"

सगळे मागं सरले. सिलिंडरवाल्यासकट!

आबा यशूचा हात धरून सावकाश उतरले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, पण चाल अशी की गाडी वेळेत डेपोत आणलीय. यशू म्हणाली, "पुना!" आणि आबा तिला घेऊन परत चढले.

संध्याकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गाडी बरी हाय सुजे. फकस्त एक खिडकी पायजे हुती."

* * *

मग काय विचारता! लिफ्टला ड्रायव्हर मिळाला. आबा बटणांच्या समोर उभे राहायचे, यशू कडेवर. "कुठं उतरायचं?" असं प्रत्येकाला विचारायचे. "मागं सरका, मागं लई जागा हाय!" ऐकल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी लिहिलं, "लिफ्टमधली ढकलाढकली बंद झाली, आबांचे आभार." खाली चौतीस अंगठे. एरवी त्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडणांशिवाय काही येत नाही. माझे आबा म्हणून मी तो मेसेज अख्ख्या माहेरी पाठवला!

आणि मग एका दुपारी लाइट गेली. जनरेटरनंही दगा दिला. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत तिघंच होते, आबा, यशू आणि चेअरमन काका.

पुढचं काकांनीच सांगितलं, म्हणून खरं मानायचं.

सर्टिफिकेट दाखवणारे काका पहिल्या मिनिटात गडबडले. दार बडवलं, मोबाइलला रेंज नाही, घाम फुटला. "आबा, आता काय करायचं हो? हवा संपली तर?"

आबांनी आधी यशूला खाली बसवलं. खिशातून फुटाण्याची पुडी काढून तिच्या हातात दिली. मग काकांकडे वळले. अशा वेळी पॅसेंजरशी कसं बोलायचं, हे त्यांना वेगळं शिकवायची गरज नव्हती. घाटात, भर उन्हात, पन्नास माणसं घेऊन गाडी बंद पडली की ते जे बोलायचे, तेच आपसूक तोंडून आलं.

"घाबरू नका साहेब, काही झालं न्हाय. खाली बसून घ्या. मागून दुसरी गाडी येतीय, तिच्यात बसवून देतो!"

काका म्हणतात, "आणि सांगायला लाज वाटते, मी बसलो! मला अर्धा मिनिट खरंच वाटलं की येतेय."

यशूनं उठून त्यांना एक फुटाणा दिला. वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा चेअरमन मांडी घालून, डोळे मिटून प्राणायाम करत होते.

* * *

या सगळ्यात आठ दिवसांचे पंधरा झाले. मी मुद्दाम विषय काढत नव्हते.

यशूचं जेवण ही आमच्या घरातली रोजची लढाई होती. मी ताट घेऊन मागं, ती पुढं. आबांनी ते दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ताट स्वतःकडे घेतलं. त्यांचा सगळ्यात जास्त चालवलेला रूट पैठण-औरंगाबाद. तोच त्यांनी ताटात उतरवला. पहिला घास पैठण. मग ढोरकीन, मग बिडकीन, चितेगाव, नक्षत्रवाडी आणि शेवटचा घास सेंट्रल स्टँड. प्रत्येक गावाला गाडी थांबते, घास चढतो, गाडी निघते. पोरगी तोंड उघडून वाट बघायला लागली!

मी एकदा घाईत दोन घास एकत्र करून भरवायला गेले, तर तिनं तोंड फिरवलं. "बिडकीन ऱ्हायलं!"

मुलांच्या डॉक्टरांकडे लसीला गेलो तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "जेवते कशी?"

राहुल इंजिनियर माणूस, उत्तर अचूक देतो. "वरण-भात असेल तर चितेगावपर्यंत जाते. मेथीची भाजी असेल तर पैठणच्या बाहेर पडत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी कपाळावर हात मारला आणि सगळं समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "सेंट्रल स्टँडला पोचते का कधी?"

राहुलनं लगेच सांगितलं, "खालांकडची शेवयांची खीर असेल तर विनाथांबा!"

यशूला काट्यावर उभं केलं. वजन चांगलं वाढलं होतं. कितीतरी महिन्यांनी! डॉक्टरांनी फाइलमध्ये औषध लिहिलं नाही. म्हणाले, "हाच रूट चालू ठेवा."

* * *

एक तारखेच्या आधीच्या आठवड्यात सावंतसरांनी व्हिडिओ मीटिंग ठेवली. मी परत येणार म्हणून काय काय बदललंय ते सांगायला. स्क्रीनवर आठ माणसं, त्यात प्लांट हेड. मी वर इस्त्रीचा कुर्ता, खाली नाइट ड्रेसचा पायजमा.

त्याच आठवड्यात यशूचं पॉटीवर बसायचं शिक्षण चालू होतं. आबा बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसायचे. चार दिवस निकाल शून्य.

सर सांगत होते, "नव्या लाइनचं रिजेक्शन हा आपला मुख्य विषय आहे..." आणि आतून यशूचा विजयी आवाज आला, "झाली! आबा, झाली! मोठ्ठी झाली!"

पाठोपाठ आबा, "शाब्बास रे माझ्या वाघा! सुजे, ये बघायला! एक नंबर माल निघाला!"

माझा माइक चालू होता.

आठच्या आठ चेहरे गोठले. मी बटण शोधतेय, सापडत नाहीये. प्लांट हेड घसा खाकरून गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, जाऊन बघून या. लाइनवर उभं राहून इन्स्पेक्शन करणारे लोक हवेतच आपल्याला."

मी गेले. पास केली!

* * *

आणि तरीही शनिवारी दुपारी आबांची बॅग भरलेली दिसली.

सोमवारी एक तारीख. मला आधी कळेचना. "आबा, हे काय?"

"झाले की लई दिवस. जातो आता."

"सोमवारी मी कामावर जाणार आहे. तुम्हाला माहितीय."

ते शर्टाची घडी घालत राहिले. वर बघेनात.

आता सांगते, आबा काही जुन्या वळणाचे नाहीत. सकाळी बुद्धवंदना म्हणतात, पण आयुष्यात कधी मुहूर्त पाहिला नाही की कोणाचा गंडा बांधला नाही. माझं लग्न विहारात साधेपणानं लावलं. हुंड्याचा विषय काढणाऱ्या दोन स्थळांना त्यांनी चहाही न देता परत पाठवलं होतं. असा माणूस लेकीच्या घरी राहायच्या गोष्टीवर अडला होता!

"मुलाच्या घरी असता तर?" मी विचारलं.

"ती गोष्ट येगळी."

"काय वेगळी? सांगा ना!"

ते पलंगावर बसले. "मला कळतंय गं. डोक्याला समदं कळतंय. पर पैठणला गेलो की गल्लीतून जावं लागतं. ती गयामामी दारातूनच इचारती, 'लेकीकडंच हाय व्हय अजून?' चार लोकं ऐकतेत. काय सांगू तिला?"

त्यांचा आवाज खाली गेला होता. मी तिथं थांबायला हवं होतं. पण मला माझं टेबल दिसत होतं आणि त्यावर बसलेला दुसरा कोणीतरी. मी म्हणाले, "तिला सांगा, पोटी मुलगा नाही, म्हणून लेकीचे तुकडे खातो!"

आबांनी बॅगची चेन लावली, यशूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चारच्या गाडीनं गेले. लिफ्टनं उतरले, पण कोणाला मागं सरका म्हणाले नाहीत.

रविवारी मी मिक्सर चालू करून स्वयंपाकघरात रडले. वाटायला भांड्यात काही नव्हतंच. राहुल म्हणाला, "मी तीन दिवस रजा टाकतो." पण चौथ्या दिवसाचं काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी सरांना राजीनाम्याचा मेल लिहिला, तीनदा वाचला, पाठवला नाही. आबांना दोनदा फोन केला. उचलला नाही. मला वाटलं, मी नोकरीही घालवली आणि बापालाही दुखावलं.

सोमवारी सकाळी पावणेसातला बेल वाजली.

दारात आबा. बाहेर कडाक्याची थंडी, स्वेटरची चेन गळ्यापर्यंत लावलेली. हातात या वेळी तीन पिशव्या, एकीतून त्यांची घरची उशी डोकावत होती.

"आबा..." मी पिशव्या हातातून घेतल्या. "परवा मी फार वाईट बोलले."

"पहिली गाडी मिळाली," ते म्हणाले. "तुझी कंपनीची बस किती वाजता?"

"सव्वासातला."

"मंग उभी काय ऱ्हायलीस? टायमावर निघायचं!"

मी निघाले. यशू रडली नाही, आबांच्या कडेवरून हात हलवत राहिली. मीच नऊ मजले रडत उतरले आणि वाळूजपर्यंत नाक पुसत गेले. टेबल जागेवर होतं. पहिला पार्ट हातात घेतला, मोजला, फेल केला. सुपरवायझर म्हणाला, "आल्या मॅडम!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी एक वाजता फोन वाजला. पैठणहून, गयामामी.

"सुजाता, अगं मला येक सांग. आबाला परत बोलावलं म्हणं?"

"कोणी बोलावलं मामी?"

"एसटीनं! आज पहाटं गल्लीतून गेला, अंगात खाकी, कडक इस्त्री. वर स्वेटर, पर चेन उघडीच, समद्यांना दिसावं म्हणून! मी म्हणलं, 'काय आबा, परत लेकीकडं व्हय?' तर थांबला, मान ताठ करून म्हणला, 'न्हाय. ड्युटी लागलीय.' मी म्हणलं, 'या वयात?' तर म्हणला, 'अनुभवी माणूस पायजे म्हणून खास बोलावलंय. वरची साहेब बाई हाय, लई कडक, जरा उशीर झाला की आरडाओरड करती.' समदी गल्ली ऐकत हुती बघ. तूच सांग, खरं हाय का गं?"

मशीनचा आवाज चालू होता. मी फोन कानाला घट्ट धरला आणि सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खरंय मामी! आणि पर्मनंट केलंय त्यांना!"